डब्लिनची मॅच आणि करजणचे दोन भिडू

"शनिवारी फुटबॉलची मॅच बघायला जायचंय," एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बाबांच्या डोळ्यांसमोर मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल होता. स्टेडियममध्ये बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला, मैदानभर मारलेल्या पांढऱ्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "जाळी कुठाय? आणि हे मैदान आहे की फूटपट्टी?"

24 ऑगस्ट 2024. डब्लिनचं अविवा स्टेडियम. सामना अमेरिकेतल्या दोन कॉलेजांचा, जॉर्जिया टेक विरुद्ध फ्लोरिडा स्टेट. दोन्ही संघ अमेरिकेचे, खेळ अमेरिकेचा आणि मैदान आयर्लंडचं. प्रेक्षकांत हजारो लोक विमानानं अटलांटिक महासागर ओलांडून आलेले. त्यात मधोमध आमचे बाबा, मुक्काम पोस्ट करजण, जिल्हा वडोदरा. अंगात दोन स्वेटर आणि खिशात भरूचच्या खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.

त्यांच्या शेजारी काका बसले होते. बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघं अकरा वर्षांनी एकमेकांशेजारी बसत होते. माझ्या दृष्टीनं त्या दिवशीची खरी मॅच ती होती. पण ती सांगायची तर आधी करजणला जावं लागेल.

*

वडोदऱ्याहून भरूचकडे निघालात की वाटेत करजण लागतं. स्टेशनचं नाव मियागाम-करजण. कापसाची काळी जमीन. त्या पट्ट्याला कानम म्हणतात. उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की लहान पोराची चप्पल आत जाते. माझी गेली आहे! आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून इथे आले आणि राहिले. संस्थान गेलं, 1949 मध्ये बडोदं मुंबई राज्यात आलं, 1960 मध्ये गुजरातेत. आम्ही मात्र त्याच घरात. घरात मराठी, ओट्यावरून खाली उतरलं की गुजराती.

आजोबा रेल्वेत होते. आमच्या घरात रेल्वे हे दैवत होतं म्हटलं तरी चालेल. 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम असा अडीच फुटांचा रूळ टाकला. देशातली ही पहिली नॅरोगेज. आणि मजा म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षं त्या रुळांवरून गाडी ओढायला बैल होते! इंजिनाचं वजन रुळांना पेलवेना म्हणून. ही गोष्ट आजोबांनी बाबांना आणि काकांना सांगितली, बाबांनी मला सांगितली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगितली जाते. तुमच्यापैकी कुणी आमच्याकडे जेवायला आला असाल तर तुम्हीही ऐकली असेल.

दोघा भावांचं दुसरं वेड म्हणजे हुतूतू. कबड्डी म्हणायचं नाही, बाबांना राग येतो. त्यांच्या मते हुतूतूवर बडोद्याचा हक्क आहे, कारण 1923 मध्ये हिंदविजय जिमखान्यानं नियम बसवून बडोद्यात अखिल भारतीय सामने भरवले. शाळेच्या मैदानावर बाबा उजव्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि काका त्यांच्या शेजारी, हातात हात घालून. साखळी. चढाईवाला कोपऱ्याकडे वळला की दोघं मिळून त्याला विळखा घालायचे. काकांचा एक दात त्या मैदानावरच गेलेला आहे. बाबांच्या गुडघ्यावरची खूण तिथलीच.

काका 2002 साली अमेरिकेला गेले. पुढे अटलांटाजवळ घर घेतलं. त्यांचा मुलगा, आमचा छोटू, तिथेच जन्मला. आता तो सहा फुटी आहे, तरी नाव छोटूच.

2013 च्या फेब्रुवारीत आजी गेली. काकांचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अडकलेले होते. पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला. भारतात आलं तर परत जाताना नवा शिक्का मिळेल की नाही याची खात्री नव्हती. नोकरी, घराचा हप्ता आणि छोटूची शाळा, सगळं त्या एका शिक्क्यावर. काकांनी रडत रडत फोन केला. बाबा म्हणाले, "आता येऊन तरी काय करणार?"

आता तुम्हीच हे वाक्य दोन वेळा वाचून बघा. एकदा समजुतीच्या सुरात आणि एकदा टोमण्याच्या. बाबांनी ते पहिल्या सुरात म्हटलं होतं. मी तेव्हा त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून शपथेवर सांगू शकते. पण फोनमध्ये ते दुसऱ्या सुरात पोचलं. काका आले नाहीत. तीन महिन्यांनी त्यांच्याकडून एक पाकीट आलं. आत घरावरच्या त्यांच्या वाट्याचं हक्कसोडपत्र होतं, सही केलेलं. सोबत एक ओळसुद्धा नाही. आता तो अपमान बाबांना लागला. त्यांनी ते पाकीट कपाटात ठेवलं. ना नोंदणी केली, ना फाडलं. आणि बोलणं थांबलं.

भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं, असं आई नेहमी म्हणायची. दिवाळीला काकू आईला फोन करायची, छोटू मला मेसेज करायचा. बायका-पोरांची लाइन चालू, मेन लाइन बंद.

*

मी पाच वर्षांपासून डब्लिनमध्ये आहे. राहते डन लीरीला, समुद्राकाठी. छोटू जॉर्जिया टेकमध्ये इंजिनियरिंग करतोय. 2023 च्या शेवटी एके रात्री त्याचा मेसेज आला, "ताई, आमची टीम तुझ्या गावात खेळायला येतेय!"

कॉलेज फुटबॉल आयर्लंडमध्ये येणं नवीन नाही. नोत्र दाम आणि नेव्ही यांच्यातली मॅच 1996 पासून तीन वेळा डब्लिनमध्ये झाली. टेकचा संघही 2016 मध्ये येऊन बॉस्टन कॉलेजला हरवून गेला होता. हल्ली तर दर ऑगस्टमध्ये सीझनची सुरुवातच इथून होते. याचं कारण सरळ आहे. अमेरिकेत लाखो लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा आयर्लंडहून गेलेले. मॅचच्या निमित्तानं ते येतात, आठवडाभर राहतात, गावी जाऊन थडगी शोधतात. हॉटेलवाले खूश, पबवाले त्याहून खूश.

छोटूच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. बाबा अमेरिकेला जाणार नाहीत. काका करजणला येणार नाहीत. डब्लिन दोघांचंही नाही. "न्यूट्रल व्हेन्यू," तो म्हणाला. काकांना तो सांगणार होता की पप्पा, माझ्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, चला. आणि मी बाबांना बोलावणार होते, लेक कशी राहते ते बघायला या म्हणून. आईचे गुडघे दुखत असल्यानं ती येणार नव्हती. तिला आम्ही कटात घेतलं. ही आमची चूक. आईच्या पोटात काही राहत नाही. पण ते आम्हाला नंतर कळलं.

बाबांचा आयर्लंडचा व्हिसा मिळाला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते आले. मी रोज ठरवायची, आज सांगू. शेवटी शुक्रवारी रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, उद्या मॅचला काका पण येणारेत. छोटूबरोबर."

बाबांनी ताटातला भात कालवला. पुन्हा कालवला. मग म्हणाले, "किती वाजताची गाडी धरायची?"

*

शनिवारी सकाळपासून शहर ओळखू येत नव्हतं. सोनेरी आणि पांढरे टी-शर्ट टेकचे, गडद लाल फ्लोरिडावाल्यांचे. एरवी 'सॉरी, सॉरी' म्हणत बाजूनं चालणाऱ्या डब्लिनच्या फुटपाथवर मोठमोठ्यानं हाका. एका आजोबांच्या टोपीवर पिवळी गांधीलमाशी बसवलेली होती. ते टेकचं चिन्ह. फ्लोरिडावाले हात कोयत्यासारखा वरखाली करत एका सुरात गात होते. बाबा म्हणाले, "आपल्याकडे एवढी माणसं फक्त डाकोरच्या पौर्णिमेला निघतात."

डन लीरीहून स्टेडियमला जाणारी लोकल ज्या मार्गानं धावते तो मार्ग 1834 चा आहे. हे मी बाबांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. म्हणजे बोरीबंदर-ठाण्याच्या एकोणीस वर्षं आधी, आणि आमच्या बैलगाडी-रेल्वेच्या अठ्ठावीस वर्षं आधी. तेव्हापासून बाबा त्या लोकलकडे जरा आदरानंच बघत होते. त्या दिवशी मात्र खिडकीबाहेर समुद्र होता आणि ते आपल्या हातांकडे बघत बसले होते.

लॅन्सडाउन रोड स्टेशन स्टेडियमला खेटूनच आहे. आम्ही उतरलो रुळांच्या या बाजूला आणि स्टेडियम त्या बाजूला. मध्ये रेल्वेचं फाटक. आणि फाटक नेमकं पडलं. गर्दी थांबली. पलीकडे, गर्दीच्या पहिल्या रांगेत, टेकच्या सोनेरी टोपीत काका उभे होते. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या. शेजारी छोटू दोन्ही हात हलवत होता. काका हलत नव्हते. बाबाही हलत नव्हते. मध्ये रूळ, आणि मग धडधडत गाडी.

गाडी गेली, फाटक उघडलं, लोंढा सुटला. आम्ही ढकलले जात पलीकडे पोचलो. आता काय होईल म्हणून माझ्या पोटात गोळा आलेला. काका पाया पडायला वाकले. बाबांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि विचारलं, "गेज किती रे इथलं?"

"पाच फूट तीन इंच, दादा," काका म्हणाले.

"म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच कमी."

"हो. आणि आपल्या छोट्या गाडीपेक्षा दोन फूट नऊ इंच जास्त."

बाबांनी मान डोलावली. बस्स. अकरा वर्षांनंतरचं बोलणं हे असं झालं. नंतर छोटूनं मला हळूच सांगितलं की विमानात पप्पांनी एकही सिनेमा पाहिला नाही, फोनवर आयर्लंडच्या रेल्वेची माहिती उतरवून घेतली होती ती वाचत बसले होते. दादा काय विचारणार ते त्यांना माहीत होतं.

*

आता खेळाबद्दल. अमेरिकन फुटबॉल मला पाच वर्षांत कुणाला नीट समजावून सांगता आलेला नाही. काकांनी बाबांना तो पाच मिनिटांत समजावला, कारण त्यांनी तो हुतूतूतून समजावला.

"दादा, मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे त्यांची चढाई. चार चढायांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार. नाही सरकले तर चेंडू समोरच्याला."

"म्हणजे दर वेळी नवी निदान रेषा."

"बरोब्बर! आणि पार टोकाला पोचले तर सहा गुण. वर एक लाथ मारून सातवा. पोचता येत नसेल तर लांबूनच त्या दोन खांबांमधून लाथेनं मारायचा, त्याचे तीन."

"आणि दम?"

"दम धरायचा नाही. पण मध्ये सारखं थांबतात, त्यामुळे दम लागतच नाही."

बाबा हसले. मी ते हसणं बघून घेतलं. मग ते म्हणाले, "आणि हे बाहेर शंभर जण तयार होऊन उभे आहेत ते कोण? एवढ्या माणसांत आपल्याकडे एका तालुक्याची स्पर्धा होते." काकांनी सांगितलं की चढाई करणारे अकरा वेगळे, पकड करणारे अकरा वेगळे, लाथ मारणारा तर फक्त लाथेपुरता येतो. ही गोष्ट बाबांना मुळीच आवडली नाही. ज्यानं चढाई केली त्यानं पकडही केली पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. मलाही पटतं. पण ते असो.

फ्लोरिडा स्टेटचा संघ त्या वेळी देशात दहाव्या क्रमांकावर मानला जात होता. आदल्या वर्षी त्यांनी लागोपाठ तेरा सामने जिंकले, तरी त्यांना शेवटच्या चार संघांत घेतलं नव्हतं. त्यामुळे ती मंडळी पेटून आलेली. टेकला कुणी धरलंच नव्हतं. आणि गंमत अशी की कागदोपत्री हा टेकचा घरचा सामना होता. अटलांटापासून सहा हजार किलोमीटरवर घरचा सामना! बाबांना हे ऐकून फार मौज वाटली. "मग यजमान कोण? टेक की आयर्लंड? पाहुण्यांना पाणी कोण विचारणार?" आमच्या मागे बसलेल्या अमेरिकन काकूंना छोटूनं हे इंग्रजीत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांनी बाबांना आपले चिप्स दिले. बाबांनी खारे शेंगदाणे दिले. मग हिंदविजय जिमखाना, बडोदा, नाइन्टीन ट्वेन्टी थ्री, सगळं सांगून झालं. त्या काकू ट्विटरवर असतील तर जिमखान्याची कीर्ती एव्हाना जॉर्जियात पसरली असेल.

मध्यंतरात बाबांचं लक्ष उत्तरेकडच्या स्टँडवर गेलं. तीन बाजूंना स्टँड आभाळाला भिडलेले आणि उत्तरेला एकदम बुटके. त्यांनी विचारलं, "पैसे संपले का?" कारण मला ठाऊक होतं. त्या बाजूला लगेच राहती घरं आहेत. 2010 मध्ये स्टेडियम नव्यानं उभं राहिलं तेव्हा त्या घरांचा उजेड अडू नये म्हणून ती बाजू खाली ठेवली. एकावन्न हजारांच्या स्टेडियमनं शेजाऱ्यांच्या खिडक्यांसाठी मान तुकवली. बाबा बराच वेळ तिकडे बघत होते. मग काकांना म्हणाले, "वरच्या मजल्यावर खोली काढली मी. तुझ्या खिडकीसमोर भिंत येऊ दिली नाही."

काका काही बोलले नाहीत. पुडीतले दाणे मात्र सगळे त्यांनीच संपवले.

शेवटी शेवटी 21-21 अशी बरोबरी झाली आणि चेंडू टेककडे होता. इथे मला पहिल्यांदा कळलं की या खेळात घड्याळ हाही एक भिडू आहे. टेकवाले घाई करेनात. एक चढाई, चार यार्ड, थांबा. एक चढाई, सहा यार्ड, थांबा. मिनिटं संपवत संपवत ते पुढे सरकत होते, म्हणजे फ्लोरिडाला चेंडूच परत मिळू नये. बाबा पुढे वाकले होते. "वेळ काढतायत रे. तिसऱ्या चढाईसाठी थांबल्यासारखे." काका म्हणाले, "हो दादा. फक्त पकडीत सापडायचं नाही आता."

घड्याळात अगदी थोडे सेकंद उरले आणि लाथ मारणारा पोरगा मैदानात आला. 44 यार्ड. अठ्ठेचाळीस हजार लोक उभे राहिले. आम्हीही उभे. मी सहज बाजूला पाहिलं तर बाबांच्या डाव्या हातात काकांचा उजवा हात. बोटांत बोटं, मनगट वळवून धरलेलं. साखळी. दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात नव्हतं. आणि दोघंही गुजरातीत ओरडत होते, मैदानावरच्या भाषेत, "जवा दे! जवा दे!"

चेंडू गेला, खांबांच्या मधून. 24-21. वेळ संपली.

छोटू मला उचलून नाचत होता. मागच्या काकू रडत होत्या. बाबा आणि काका तसेच उभे. मग बाबांनी हात सोडवून घेतला, चष्मा काढला आणि स्वेटरनं बराच वेळ पुसत राहिले.

*

त्या रात्री पुष्कळ गप्पा झाल्या. पण सगळ्या आजूबाजूच्या. शाळा, मास्तर, कापसाचा भाव. जिथे दुखत होतं तिथे कुणी बोट लावलं नाही. मला वाटलं, इतकंच होणार बहुधा. इतकंही खूप आहे.

रविवारी मी सगळ्यांना क्रोक पार्कला नेलं. आयरिश लोकांच्या स्वतःच्या खेळांचं, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचं, हे मोठं मैदान. 1884 मध्ये हे खेळ जपण्यासाठी संघटना निघाली आणि खेड्याखेड्यांतून तालमींसारखी पसरली. 21 नोव्हेंबर 1920 रोजी याच मैदानावर सामना चालू असताना इंग्रजांच्या फौजेनं गोळीबार केला. चौदा माणसं मेली, त्यात मायकल होगन नावाचा खेळाडू. एका स्टँडला त्याचं नाव आहे. बाबा तिथे दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिले. त्यांच्या पिढीला जालियनवाला म्हटल्यावर आणखी सांगावं लागत नाही.

मग मैदान दाखवणाऱ्या बाईंनी पुढची गोष्ट सांगितली. इंग्रजांचे खेळ, म्हणजे सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट, खेळायला किंवा बघायलासुद्धा संघटनेच्या सभासदांना 1971 पर्यंत बंदी होती. त्यानंतरही या मैदानात सॉकर आणि रग्बीला जागा नव्हती. पण 1996 मध्ये अमेरिकन फुटबॉलची मॅच इथेच झाली! नोत्र दाम आणि नेव्हीची. ती चालली.

बाबा म्हणाले, "म्हणजे लांबचा पाहुणा चालतो. शेजारचा चालत नाही."

"शेजाऱ्यानं जास्त दुखावलेलं असतं ना, दादा," काका म्हणाले.

"मग पुढे?"

पुढे 2005 मध्ये संघटनेनं मत घेतलं आणि दार उघडायचं ठरलं. लॅन्सडाउन रोडचं जुनं मैदान पाडून नवं बांधायचं होतं, तेवढ्या काळापुरतं. 24 फेब्रुवारी 2007 ला इंग्लंडचा रग्बी संघ इथे खेळायला आला. जिथे गोळ्या झाडल्या त्याच मैदानात इंग्लंडच्या राणीचं गीत वाजणार होतं. लोक काय करतील याची सगळ्यांना धाकधूक. गीत वाजलं. कुणीही शिट्टी मारली नाही. सगळे शांत उभे राहिले. आणि मग आयर्लंडनं इंग्लंडला 43-13 नं धुतलं.

"हे बरं केलं," बाबा म्हणाले. शांत उभे राहिले ते बरं, की धुतलं ते बरं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी खिचडी-कढी झाली. काका-छोटूचं विमान सोमवारी सकाळी. मी भांडी घासत होते, छोटू पुसत होता. मागे टेबलाशी दोघं भाऊ. बाबा उठले, आतल्या खोलीत जाऊन बॅग उघडली आणि एक पाकीट आणून काकांपुढे ठेवलं. अमेरिकेची तिकिटं लावलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. मी ते लगेच ओळखलं. म्हणजे करजणहून निघतानाच बाबांना सगळं माहीत होतं! दोन आठवडे मी जीव मुठीत धरून होते आणि आईनं केव्हाच सांगून टाकलं होतं.

"हे तुझं टपाल," बाबा म्हणाले. "चुकीच्या पत्त्यावर आलं होतं."

काकांनी पाकीट उघडलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दादा, तू तेव्हा म्हणाला होतास, आता येऊन तरी काय करणार."

मी नळ बंद केला. छोटूनं मला कोपरानं ढोसलं आणि पुन्हा चालू करायला लावला. अमेरिकेत वाढूनही पोरगं शहाणं आहे. त्यामुळे पुढचं मी अर्धंमुर्धंच ऐकलं आणि जे ऐकलं ते लिहायची परवानगी मला मिळालेली नाही. बाबांचा आवाज दोनदा चढला. एकदा काका रडले. मग कुणीतरी चहा मागितला, रात्री साडेदहाला.

*

काका अजून करजणला आलेले नाहीत. दिवाळीला येतो म्हणाले, जमलं नाही. आता उत्तरायणाची तिकिटं बघतायत म्हणे. बाबांनी वरच्या खोलीत पलंग टाकून ठेवलाय. पाकिटाचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

पण एक सांगायचं राहिलं. 29 नोव्हेंबरला टेकची मॅच होती जॉर्जिया विद्यापीठाशी. तिथली ही पिढ्यान्‌पिढ्यांची भाऊबंदकी. अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ, करजणला शनिवारची पहाट. काकांनी व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर उशीला टेकवून ठेवला आणि बाबा पहाटेच आंघोळ उरकून बसले. टेक शेवटच्या टप्प्यात 27-13 नं पुढे होता. मग बरोबरी. मग जादा डाव. एक नाही, दोन नाही, आठ जादा डाव! आई सांगते, दूधवाला येऊन गेला, कामवाली येऊन गेली, पोहे दोनदा गरम केले आणि हे आपले फोनमधल्या टीव्हीला पकडी सांगतायत. पलीकडून काका तेच करत होते.

डब्लिनमध्ये तेव्हा पहाटेचे पाच वाजायला आले होते. माझा फोन वाजला. एवढ्या पहाटे करजणहून फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं.

"बाबा? काय झालं?"

"चव्वेचाळीस-बेचाळीस," बाबा म्हणाले. "हरलो गं आपण."